मेट्रोचे ऐंशी रुपये आणि कन्सेशनचा फॉर्म

पत्र:

ताई, मी मूळचा उदगीरचा. अंधेरी पश्चिमेला डी. एन. नगरजवळच्या एका कॉलेजात एस.वाय. बी.एस्सी.ला आहे आणि डोंबिवली पूर्वेला मावशीकडे राहतो. मावशी राहण्याजेवणाचा एक रुपया घेत नाही. बाबा महिन्याला ६००० पाठवतात, त्यातले ३३०० नुसते जाण्यायेण्यात जातात. मानपाडा रोडवरून शेअर रिक्षाचे १५, मग घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून डी. एन. नगरला मेट्रोचे ४०. येतानाही तेच. पास काढायचा म्हटलं तर कॉलेजच्या ऑफिसात सांगितलं, आधारवर पत्ता उदगीरचा आहे, कन्सेशन मिळणार नाही. म्हणून रोज रिटर्न तिकीट काढतो. मित्र म्हणतात, तिकीट काढूच नकोस, महिन्यातून एकदा टीसीने धरलं तरी परवडतं. एकजण त्याची जुनी ॲक्टिव्हा १८ हजारांना द्यायला तयार आहे. बाबांकडे अजून पैसे मागायला जीभ रेटत नाही. काय करू?
– उदगीरचा, सध्या डोंबिवलीकर

उत्तर:

बाबांकडे मागायची वेळ येणार नाही. आधी तुझ्या ३३०० ची फोड करू. महिन्याला चोवीस दिवस कॉलेज धरलं तर मेट्रोचे १९२० आणि शेअर रिक्षाचे ७२०. उरलेल्यात लोकलची तिकिटं, आणि मधेच कधीतरी दमून केलेली एखादी रिक्षा असणार. म्हणजे सगळ्यात लांबचा पल्ला तू लोकलने मारतोस आणि सगळ्यात कमी पैसे तिलाच देतोस. घाटकोपर ते डी. एन. नगर एवढ्याशा अंतराने तुझा खिसा कापलाय. तरी तुझी सगळी काळजी चालली आहे ती लोकलच्या तिकिटाची! मित्रांचा सल्लाही त्याच तिकिटावर.

आता पासाचं गणित नीट बघ, कारण ते कुणी समजावून सांगत नाही. सेकंड क्लासचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या पैशात बसतो. विद्यार्थ्याला त्याच्या निम्म्यात. म्हणजे साडेसात एकेरी तिकिटं, पुरते चार दिवसही नाहीत. समज, एका वेळचं तिकीट २० रुपये आहे, तर मोठ्यांचा पास ३०० च्या आसपास आणि तुझा दीडशेच्या आसपास, वर किरकोळ अधिभार. पाचव्या दिवसापासून महिनाअखेरपर्यंतचा प्रवास फुकट. म्हणून ज्या महिन्यात नुसती परीक्षा आहे आणि पाचच पेपर आहेत, त्या महिन्यातही पासच काढायचा.

आणि पास घाटकोपरपर्यंतचा काढू नकोस. डोंबिवली ते अंधेरी, वाया दादर, असा काढ. मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून एकच पास निघतो, दोन वेगळे काढावे लागत नाहीत. अंतर वाढलं म्हणून पासाचे पैसे त्या हिशेबात वाढत नाहीत, लांबच्या पल्ल्याला दर उतरत जातो. शिवाय पासाच्या वाटेवरच्या कुठल्याही स्टेशनवर तू उतरू शकतोस. घाटकोपर त्याच वाटेवर आहे, म्हणजे ज्या दिवशी घाई आहे त्या दिवशी याच पासावर घाटकोपरला उतर आणि मेट्रो पकड. बाकीच्या दिवशी दादरपर्यंत जा, पूल ओलांड, पश्चिमेची फास्ट घे आणि अंधेरीला उतर. तुझ्या कॉलेजचं सवलतीचं स्टेशन अंधेरीच असणार, त्यामुळे सवलतीच्या पासासाठी कॉलेज जो फॉर्म देतं, त्यावरही हेच यायला हवं.

दादरचा पूल सकाळी नऊला काय असतो ते मला सांगू नकोस, माहीत आहे. दादरमार्गे तुझा अर्धा-पाऊण तास जास्त जाईल. मेट्रो घाटकोपरहून वर्सोव्याला एकवीस मिनिटांत पोचवते, ती तुझ्याकडून वेळेचे पैसे घेते आणि त्यात काही गैर नाही. पण तो अर्धा-पाऊण तास तुला दिवसातून दोनदा, महिनाभर, कशाला विकत घ्यायचाय? सकाळी आठचं प्रॅक्टिकल असेल तर जरूर घे. संध्याकाळी घरी जाऊन मोबाइल बघत लोळायचं असेल तर ४० रुपयांना तो सौदा महाग आहे. टाइमटेबल समोर ठेव आणि आठवड्यातले कुठले दोन दिवस लवकर पोचायचंय त्यावर खूण कर. तेवढ्या दिवशी, तेही फक्त जाताना, मेट्रो. आठ फेऱ्यांचे ३२० झाले. रोज मेट्रोनेच जाणार असा हट्ट असेल तर निदान सुटी तिकिटं तरी काढू नकोस. त्या मार्गावर ४५ फेऱ्यांचा पास असतो, त्याची चौकशी स्टेशनवरच्या खिडकीत कर.

‘मेट्रोत विद्यार्थ्यांना २५ टक्के सवलत आहे’ असं तुला कुणीतरी सांगेल. ती सवलत आहे, पण ती मुंबईतल्याच मेट्रो २अ आणि ७ या दुसऱ्या मार्गांवर, २०२३ पासून, आणि बारावीपर्यंतच्या मुलांना. तुझी घाटकोपर–वर्सोवा मेट्रो वेगळ्या कंपनीची आहे. पुणे मेट्रो पदवीपर्यंतच्या पोरांना ३० टक्के सूट देते. इथे बारावी झाली की मूल कमावतं झालं असं समजतात की काय, कोण जाणे.

आता मुख्य काम, तो फॉर्म. ऑफिसातल्या माणसाचा राग धरू नकोस. खोटे पत्ते देऊन लांबचे पास काढणारी पोरं त्याने पाहिलेली असतात आणि फॉर्मवर सही-शिक्का कॉलेजचा असतो, उद्या विचारणा झाली तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. पण सवलत राहत्या ठिकाणापासून कॉलेजपर्यंतच्या प्रवासाला आहे, आणि तू राहतोस डोंबिवलीला. आधारवर उदगीर आहे म्हणून तू रोज उदगीरहून येतोस असं थोडंच होतं! हे तोंडी सांगत बसू नकोस, कागद दे. प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज लिही. सोबत मावशीच्या घराचं चालू महिन्याचं लाइट बिल, मावशीचं सहीचं पत्र (‘माझा भाचा अमुक तारखेपासून माझ्याकडे शिक्षणासाठी राहतो’, एवढं पुरे), तिच्या आधारची झेरॉक्स, आणि बाबांचं दोन ओळींचं पत्र की मुलगा मावशीकडे राहतो. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेव आणि तिच्यावर पोच घे. तोंडी ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, शिक्का मारलेल्या अर्जावर ‘नाही’ लिहिताना माणूस विचार करतो. तरीही अडलं तर विद्यार्थी-कल्याण बघणाऱ्या प्राध्यापकांना भेट. ऑफिसात आवाज चढवू नकोस, पुढची दोन वर्षं त्याच खिडकीवर उभं राहायचंय.

आधारचा पत्ता बदलायच्या भानगडीत मात्र पडू नकोस. तुझं घर उदगीरला आहे, आणि घरी जाण्याच्या सवलतीला तोच पत्ता उपयोगी पडतो. त्याबद्दल खाली लिहिते.

फॉर्म हातात आला की तिथल्या तिथे वाच. नाव आयकार्डावर आहे तसंच हवं, ‘वाया दादर’ लिहिलेलं हवं, वय आणि जन्मतारीख जुळायला हवी, मागच्या पासाचा नंबर आणि मुदत विचारलेल्या रकान्यात पहिल्या वेळी काय लिहायचं ते ऑफिसलाच विचार. एक आकडा गिरवलेला दिसला तरी बुकिंग क्लार्क ‘खाडाखोड आहे’ म्हणून फॉर्म परत करतो, आणि मग पुन्हा कॉलेज, पुन्हा सही, पुन्हा रांग. फॉर्मची मुदतही थोडक्याच दिवसांची असते, त्यामुळे तो दप्तरात घालून विसरायचा नाही. खिडकीवर सकाळी नऊला जाऊ नकोस, कॉलेज सुटल्यावर दुपारी जा. ऑफिसात फॉर्म मागायचा तो पास संपायच्या आठवडाभर आधी. पोरं नेमकी पास संपल्यावर जागी होतात, ऑफिसला शनिवार-रविवार आला की चार दिवस सुटी तिकिटं काढतात आणि अख्ख्या पासाचे पैसे त्यातच घालवतात. पास काढल्यावर त्याचा फोटो काढून ठेव, पुढच्या फॉर्मला नंबर लागतो. प्रवासात पासाबरोबर कॉलेजचं आयकार्ड हवंच, टीसी दोन्ही बघतो.

महिन्याचा की तीन महिन्यांचा? तीन महिन्यांच्या पासाला महिन्याच्या पासाचे २.७ पट पैसे पडतात. म्हणजे बचत नऊ दिवसांची. मधे दिवाळीची सुटी येत असेल तर ही बचत पाण्यात जाते. तेव्हा टर्म सुरू होताना तीन महिन्यांचा काढ, सुटीच्या तोंडावर महिन्याचा, आणि सुटीत काढूच नकोस. तीन महिन्यांच्या पासाचा खरा फायदा पैशांपेक्षा ऑफिसच्या दोन खेपा वाचतात हा आहे, आणि तुझ्या ऑफिसचा अनुभव बघता तो काही लहान नाही. फर्स्ट क्लासचाही विद्यार्थी पास निघतो. पण निम्मा केला तरी तो सेकंडच्या कितीतरी पट पडतो, आणि गर्दीच्या वेळी तिथेही दारातच उभं राहायचंय.

दाराचा विषय निघालाच आहे म्हणून. तुला मी मेट्रोतून काढून लोकलच्या गर्दीत ढकलते आहे, तर तेवढं सांगणं माझ्याकडे लागतं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, त्यात जीव गेले. ते वळण तुझ्या रोजच्या वाटेवर आहे. कल्याणहून, कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या फास्टमागे धावू नकोस. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यांचं वेळापत्रक पाठ कर, वीस मिनिटं आधी निघ. आत उभं राहायला जागा मिळेल, नशीब असेल तर बसायलाही. आणि बसायला मिळावं म्हणून डोंबिवलीहून उलटं कल्याणला जाऊन तीच गाडी पकडायची युक्ती तुला आतापर्यंत कुणीतरी शिकवलीच असेल. तुझा पास डोंबिवलीपासूनचा, म्हणजे कल्याण–डोंबिवली तू विनातिकीट. कल्याणच्या टीसींना ही युक्ती डोंबिवलीकरांइतकीच पाठ आहे.

तिकीट न काढण्याबद्दल. दंड कमीत कमी २५० रुपये, त्यावर भाडं वेगळं. तुझा अर्धा पास दीडशे-दोनशेचा. एकदा पकडला गेलास तरी महिन्याच्या पासापेक्षा जास्त गेले, म्हणजे मित्रांचं ‘परवडतं’ हे साध्या वजाबाकीतच बसत नाही. त्यांना ते परवडतंय असं वाटतं कारण ते अजून सुट्या तिकिटांशी तुलना करतायत. मित्राचा पास वापरणं किंवा मोबाइलवर पासाचं बनावट चित्र दाखवणं हे तर नुसत्या दंडाचं काम नाही. पास दुसऱ्याला देणं-घेणं १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि बनावट पास म्हणजे सरळ फसवणूक. पुढे नोकरीच्या फॉर्मवर ‘गुन्हा दाखल आहे का’ हा रकाना भरताना आठवेल.

ॲक्टिव्हाचं उत्तर एका ओळीत देते. डोंबिवली–अंधेरी जाऊन-येऊन सत्तर किलोमीटरच्या वर, पेट्रोल शंभरीच्या पुढे, लिटरला पंचेचाळीस धरले तरी रोजचे दीडशेच्या वर, म्हणजे आत्ताच्या खर्चाहून जास्त. वर इन्शुरन्स, पीयूसी, पार्किंग, पावसाळ्यातले खड्डे आणि ते १८ हजार. नको.

आता दोन्ही टोकं. अंधेरी स्टेशन ते डी. एन. नगर दोनेक किलोमीटर आहे. जे. पी. रोडने सरळ चालत जा, वर मेट्रोचा पूल आहे, ऊन-पाऊस थोडा तरी अडतो. कंटाळा आला किंवा जर्नल्सचं ओझं असेल तर बेस्टची बस. मे २०२५ पासून बेस्टचं पहिल्या पाच किलोमीटरचं तिकीट ५ वरून १० झालं, एसीचं ६ वरून १२. विद्यार्थ्यांचा बेस्ट पासही असतो, पण तू एवढ्याशा अंतरासाठी आणि तोही रोज नाही, तर सुटं तिकीटच बरं. मात्र एक हिशेब बघ. रिक्षाचं मीटर २६ ने सुरू होतं, दीड किलोमीटरपर्यंत तेवढंच. दोन किलोमीटरला ३५ च्या आसपास होतात. तिघं असाल तर डोई १२ रुपये, म्हणजे एसी बसइतकेच. दीड किलोमीटरच्या आत तर तिघांची रिक्षा साध्या बसपेक्षा स्वस्त पडते! तेव्हा अंधेरीला त्याच गाडीतून उतरणारे वर्गातले दोघं शोधून ठेव. एकट्याने रिक्षा करायची नाही, एवढा नियम पाळ.

डोंबिवलीच्या टोकाला सकाळी चाल. मानपाडा रोडवरून स्टेशन काही फार लांब नाही, आणि त्या वेळी शेअर रिक्षाच्या रांगेत जेवढा उभा राहतोस तेवढ्यात निम्मं अंतर कापशील. रात्री परत येताना मात्र रिक्षाच कर. दिवसभर उभ्याने प्रवास करून आलेल्या पोराने पंधरा रुपयांसाठी पाय ओढत घरी जावं असं मला वाटत नाही, आणि मावशी तुझ्यासाठी जेवायची थांबलेली असणार. ते महिन्याचे ३६० राहू देत.

बेरीज कर. पासाचे दोनशेच्या आत, मेट्रोचे ३२०, संध्याकाळच्या शेअर रिक्षाचे ३६०, बस किंवा तिघांच्या रिक्षाचे दोन-अडीचशे. बाराशेच्या आत महिना निघतो. दोन हजार वाचले. त्यातले थोडे मावशीच्या घरी भाजी-फळं नेण्यात घाल. ती पैसे घेणार नाही, पिशवी घेईल.

गावी जाण्याचं तू विचारलं नाहीस, पण सांगते. सुटीत घरी जाताना विद्यार्थ्याला रेल्वेच्या सेकंड आणि स्लीपर क्लासच्या तिकिटात ५० टक्के सवलत मिळते, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. कोविडनंतर ज्येष्ठ नागरिकांची सवलत गेली, विद्यार्थ्यांची राहिली, हे पुष्कळांना माहीतच नाही. याचाही फॉर्म कॉलेजातूनच घ्यायचा, त्यावर उदगीरचा पत्ता, आणि तिकीट स्टेशनच्या आरक्षण खिडकीवरच काढायचं. मोबाइलवरून काढलेल्या तिकिटाला ही सवलत लागत नाही आणि तत्काळलाही नाही. म्हणजे शेवटच्या क्षणी धावपळ करणाऱ्याला ती कधीच मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आधीसारखं एकशेवीस दिवस नाही. दिवाळीच्या दिवसांत मराठवाड्याकडे जाणाऱ्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात आणि मग ट्रॅव्हल्सवाले सांगतील ते द्यावं लागतं. तेव्हा दिवाळीची तारीख बघ, साठ दिवस मागे मोज, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात ऑफिसात जाऊन घरी जाण्याचा फॉर्म घेऊन ठेव. पासाचा अर्ज द्यायला जाशील त्याच दिवशी हाही विचार, एकाच खेपेत दोन्ही कामं होतील.